लोखंड काढून आत या

त्यांच्या दुकानात शिरताना चपला काढायच्या नसत, लोखंड काढायचं असे. दाराशी फणसाच्या लाकडाची एक बिनझाकणाची पेटी होती आणि तिच्यावर भिंतीला खडूने लिहिलेलं होतं, 'लोखंड काढून आत या'. किल्ल्या, घड्याळ, पेन, केसांतल्या पिना, मोबाइल, सगळं त्या पेटीत. देवळात गाभाऱ्यापर्यंत फोनवर बोलत जाणारी माणसं इथे मात्र निमूटपणे रिकामी होऊन आत जायची.

पनवेलला उरण नाक्याच्या आतल्या गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. पाण्याचे पंप, पंखे, गिरणीची मोटार, सगळं करत. पण त्यांचा खरा जीव चुंबकांच्या मोटारीत. तसल्या मोटारी तेव्हा फारशा कुणी उघडत नसे. उघडली तर ह्यांच्याकडेच उघडायची, असं सगळे वायरमन सांगत आणि वर म्हणत, "माणूस जरा हा आहे, सांभाळून घ्या." 'हा' म्हणजे काय ते कुणी सांगत नसे. ते जाऊन बघायचं.

साठी उलटलेला काटकुळा माणूस. खाकी अर्धी चड्डी आणि वर पांढरी बंडी, बटणांच्या जागी नाड्या. "काका, बटणं प्लास्टिकची असतात हो," असं मी एकदा म्हणाले, तर म्हणाले, "आजकाल कशात काय घालतील, कोनी सांगावं?" हातोडी पितळेची. बाकी हत्यारं म्हणजे लाकडाच्या पाचरी, बांबूच्या काड्या आणि नारळाच्या करवंट्या. जेवणाचा डबासुद्धा स्टीलचा नाही, घरून भाकरी फडक्यात बांधून येई. चुंबक उघडा असताना लोखंडाचा कण जवळ आला तर तो उडून जाऊन चिकटतो आणि मग निघता निघत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. त्यापायी त्यांनी सबंध आयुष्य बिनलोखंडाचं करून टाकलं होतं, एवढंच.

मी पहिल्यांदा तिथे बसले होते त्याच दिवशी जमिनीच्या पैशांतून बिल्डर झालेले एक गृहस्थ आले. गळ्यात बोटभर जाडीची चेन, बोटांत अंगठ्या. त्यांनी चेन काढायला हात घातला तशी काका म्हणाले, "सोनं राहू दे. सोन्याला चुंबक इचारत नाय. पट्टा काढ." पट्ट्याला ताटलीएवढं बक्कल. गृहस्थ म्हणाले, "काका, पट्टा काढला तर पँट..." काका म्हणाले, "मंग हातानं धर." अर्धा तास तो माणूस दोन्ही हातांनी पँट धरून उभा होता, आणि पेटीत त्याचा फोन वाजत होता. मी तोंडाला ओढणी लावून हसत होते. दुसऱ्याचा पट्टा निघतो तेव्हा हसायला काय जातं!

हे मी सांगते आहे ते दोन हजार अकरा-बाराच्या सुमाराचं. मी चौतिशीची होते. नवीन पनवेलच्या एका कॉलेजात ग्रंथालयात काम करत होते. माझ्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळे मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर. म्हणजे दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि गुडघ्याशी कुलूप. चालले की कर्र कर्र वाजायचं. मी सलवारचे पाय ढगळ शिवून घ्यायची आणि कुर्ता गुडघ्याखाली चांगला वीतभर. दिसू नये म्हणून. आता वाजतंय ते सगळ्या गावाला ऐकू येतंय, मग लपवून काय उपयोग, हे मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण लपवायची.

माझी बॅटरीवर चालणारी स्कूटर होती, मागे दोन जादा चाकं लावून घेतलेली. तिने मला काय दिलं ते ज्याला दोन पाय आहेत त्याला सांगून समजणार नाही. त्याआधी मी दादाच्या मोटारसायकलवर मागे बसून जायची. नाहीतर शेअर रिक्षा. रिक्षावाले वाईट नव्हते, पण माझा पाय वाकवून आत घ्यायला वेळ लागायचा आणि आत बसलेले घड्याळ बघायचे. मग रिक्षावाला गोड आवाजात म्हणायचा, "मॅडम, मागच्या गाडीत बसा ना." रोज दोन वेळा हे ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. स्कूटर आली आणि मी सुटले. कुणाला विचारायचं नाही, कुणी आणून सोडायचं नाही.

त्या पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला गाढी नदी फुगली आणि आमच्या गल्लीत खाडीचं खारं पाणी शिरलं. दोन दिवस स्कूटरची चाकं बुडून होती. नंतर महिनाभर नीट चालली. मग मागच्या चाकातून खर्र खर्र असा आवाज यायला लागला आणि एके दिवशी कॉलेजच्या फाटकासमोर चाक जे धरलं ते सुटेचना. जिथून घेतली त्या शोरूमच्या जागी चपलांचं दुकान झालेलं, कंपनीचा फोन लागत नव्हता. दादाने पंधरा दिवस मला सोडलं-आणलं. पण त्याला बंदरात नवी नोकरी लागली होती, येत्या सोमवारपासून पहाटेची पाळी. तो म्हणाला, "सोड ना नोकरी. घरी शिकवण्या घे. कशाला एवढी दगदग?" प्रेमाने म्हणाला हो. पण पुन्हा घरी बसायला मी तयार नव्हते. आईलाही दादासारखंच वाटत होतं.

शुक्रवारी रजा टाकून मी दादाबरोबर काकांकडे गेले. दादा स्कूटर टेम्पोतून उतरवून निघून गेला. मी पेटीत किल्ल्या टाकल्या, घड्याळ टाकलं, पिना काढल्या. आणि आत शिरले. कॅलिपरचं काही बोलले नाही. नाही बोलले, झालं. परक्या माणसाच्या दारात उभं राहून कोण सांगणार?

काकांनी मला आपादमस्तक पाहिलं. म्हणाले, "बस बाय." ओळख ना पाळख, थेट अरेतुरे. मी बसले.

ते मालकाला समोर बसवूनच काम करत. मालकाने नुसतं बसायचं नाही, वाल टाकायचे. एका करवंटीत वालाचे दाणे, दुसरी रिकामी. एक चुंबक निघाला की मालकाने एक दाणा रिकाम्या करवंटीत टाकायचा. परत बसवताना एकेक काढायचा. काकांचे वडील मिठागरावर मिठाच्या टोपल्या अशाच मोजायचे म्हणे. "अहो, कागदावर लिहिलं तर?" मी विचारलं. म्हणाले, "कागदावर दुसऱ्यानं पन लिवता येतं. मोटार तुजी हाय. तुजं किती होतं, तुज्या हातानं मोज."

चाकाचं झाकण उघडलं, मधला तांब्याच्या तारांचा गोळा लाकडी ठोकळे लावून ओढून काढला आणि मी आत डोकावले. चाकाच्या आतल्या गोलाकार कडेला चुंबकांच्या चपट्या पट्ट्या, एकाला लागून एक. आणि त्यांच्याखालून तांबडा-काळा गंज फुगून वर आलेला. काही चुंबक त्याने कडेपासून उचलून धरले होते. तेच आत घासत होते आणि शेवटी एक अडकून बसला होता.

काकांनी त्या चाकाला हात जोडले. अगदी डोळे मिटून. "माफ कर. आमच्याच मिठानं खाल्ला तुला."

मला वाटलं, झालं! 'हा' म्हणजे काय ते कळलं. पण ते पुढे शांतपणे म्हणाले, "आमच्या चार पिढ्या मिठागरावर. मीठ आमच्या घरचं. त्यानं कोनाचं लोखंड खाल्लं तर माफी कोनी मागायची? मुनशिपालटीनं?"  

मग पाचर लावून पितळी हातोडीची हलकी टिचकी. एक चुंबक निघाला की ते तो दोन्ही हातांनी धरून बाजूच्या लांब फळीवर ठेवत, दुसऱ्यापासून चार बोटं लांब. जवळ ठेवले तर खाडकन एकमेकांवर आपटून तुकडे होतात. आणि उलट्या तोंडाने जवळ नेले तर एकमेकांना ढकलतात. "दोन जावांसारखे," काका म्हणाले. "जवल पन नको, समोरासमोर पन नको." गरम करून का काढत नाही विचारलं तर म्हणाले, "ताप आला की चुंबकाची ताकद जाते, ती परत येत नाय. मानसाचं बरं हाय, येते परत." माझ्या पायाकडे न बघता म्हणाले. मला पोलिओच्या तापाची आठवण झाली आणि मी मुकाट्याने वाल टाकला.

फळी माझ्या गुडघ्याशेजारीच होती. मध्ये एकदा टक् असा आवाज झाल्यासारखं वाटलं. माझ्या गुडघ्याचं कुलूप कधीकधी तसं वाजतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी पाच वाजता मोजणी. करवंटीत शेहेचाळीस वाल. फळीवर पंचेचाळीस चुंबक.

काकांनी दोनदा मोजले. मी तीनदा. मग काका जमिनीवर बसले आणि दुकान विंचरायला लागले. टेबलाखाली, तारांच्या भेंडोळ्यात, कचऱ्यात. साठीच्या वरचा माणूस रांगत होता. मी विचारलं, "एक नसला तर नाही चालणार?" म्हणाले, "चालंल. पन दर फेरीला तिथं अडखळंल. आनि तुला तोल सांभालायचा हाय." तसला चुंबक बाजारात मिळत नव्हता. जाडी वेगळी आली तर परत घासणार.

आणि मी भडकले. माझा स्वभाव असा की घाबरले की भांडते. म्हणाले, "तुमच्या ह्या वालांच्या पोरखेळापायी झालं हे! नीट डब्यात ठेवायचे सोडून फळीवर मांडून बसलात. सोमवारी मी काय करू? तुम्ही न्याल मला उचलून?" आणखीही बरंच बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. काका जमिनीवर रांगत शोधतच राहिले. दादा आला, मी पेटीतलं माझं उचललं आणि मोटारसायकलवर बसले. गल्ली संपेपर्यंत रडू आवरून धरलं.

घरी येऊन आमच्या जुन्या लोखंडी खुर्चीत बसले आणि आईला सगळं सांगितलं. कसला विक्षिप्त म्हातारा, कसा गलथान कारभार, लोकांच्या वस्तू हरवतो. आईने चहा दिला, मी प्यायले आणि उठायला गेले. पाय उठेना. डावा पाय खुर्चीच्या पायाला धरूनच बसला. ओढला, नाही आला. आई म्हणाली, "अगं काय झालं?" मी कुर्ता वर केला. सलवारच्या कापडावरून, कॅलिपरच्या बाहेरच्या पट्टीला, शेहेचाळिसावा चुंबक चिकटलेला. एका अंगाने मला आणि एका अंगाने खुर्चीला.

आई म्हणाली, "काखेत कळसा!" आणि हसत सुटली. मला हसायला आलं नाही. तो चुंबक सापडला म्हणून जीव भांड्यात पडला खरा, पण लगेच ते रांगणारे काका डोळ्यांपुढे आले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. 

शनिवारी सकाळी साडेआठला मी दुकानाच्या दाराशी. काका जमिनीवर बसून कचरा चाळणीने चाळत होते, गव्हाच्या चाळणीने. मी काही न बोलता ओढणीच्या टोकात बांधलेला चुंबक सोडून त्यांच्यापुढे धरला. म्हणाले, "कुठं गावला?" मी पायाकडे बोट केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी परक्या माणसाला स्वतःहून माझ्या पायाकडे बोट दाखवलं असेल. म्हणाले, "हां."

"हां काय? मी चुकले काका. इथे लोखंड आहे हे मी सांगितलंच नाही. आणि वर तुम्हाला नाही नाही ते बोलले."

"मना ठाव होतं," काका म्हणाले. "तू दारात आलीस तवाच आयकला आवाज. लोखंडाचा आवाज मना कलत नाय?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत? तुम्ही तर बिल्डरचा पट्टा काढून घेता!"

काका जमिनीकडे बघायला लागले. बंडीची नाडी बोटाला गुंडाळत म्हणाले, "पट्टा येगला. बाईमानसाला पाय काढून ठेव, असं कसं सांगू गो? वाटलं, संबालून घेऊ. रातभर हेच शोधत होतो मनात. तुज्या पायाशी आला असंल तर इचारायचं कसं?"

 हा माणूस रात्रभर तळमळत होता आणि त्याला उत्तर माहीत होतं, फक्त मला विचारायची त्याला लाज वाटत होती. आणि मला सांगायची लाज. दोन लाजांच्या मध्ये माझी स्कूटर अडकली होती.

"चूक दोगांची," काका म्हणाले. "तू बोल्ली नाय, मी बोललो नाय. आता बोलतो. बाय, लोखंड काढ."

मी दारातल्या लाकडी स्टुलावर बसले. समोर गिरणीत दळणाला आलेल्या तीन बायका उभ्या होत्या. मी पट्टे सोडले, कॅलिपर काढला आणि फणसाच्या पेटीत उभा ठेवला, किल्ल्यांच्या आणि कुणाच्या तरी घड्याळाच्या शेजारी. बायकांनी पाहिलं. एकीने विचारलं, "दुखतं का हो?" मी म्हणाले, "नाही, आता नाही." त्या दळणाकडे वळल्या. एवढंच झालं. इतकी वर्षं मी ज्याला भीत होते ते एवढंच होतं.

काकांच्या खांद्याला धरून मी आत गेले. चिकटवायच्या दिवशी त्यांच्याकडे अळणी जेवण असे. मीठ खाल्लं की घामात उतरतं, घाम बोटांतून गोंदाखाली जातो आणि दोन वर्षांनी तिथूनच गंज सुरू होतो, असा त्यांचा सिद्धान्त. मालकालाही तेच. दुपारी बिनमिठाचं वालाचं बिरडं आणि भाकरी. मी म्हणाले, "हे मोजायचे वाल तर नाहीत ना?" त्यांनी विनोद ऐकून घेतला आणि म्हणाले, "मोजलेले खायाचे नसतात."

कडेचा गंज घासून लोखंड चकचकीत केलेलं. दोन नळ्यांचा गोंद करवंटीत कालवायचा, एकेक चुंबक पुसून बसवायचा, एकाचं तोंड आत तर शेजारच्याचं बाहेर, आणि दोघांमध्ये बांबूची काडी, म्हणजे ते सरकून एकत्र येणार नाहीत. मी एकेक वाल काढत होते. शेवटचा वाल काढला आणि शेवटची जागा भरली. करवंटी रिकामी. काकांनी तिच्यात बोट फिरवून पुन्हा खात्री केली. "आता उद्यापर्यंत त्याला कोनी हात लावायचा नाय. बगायचं पन नाय." आणि चाकावर चादर घातली.

ती स्कूटर पुढे सहा वर्षं चालली. मग मी नवी घेतली, तिच्या मोटारीला पाणी लागत नाही म्हणतात. काकांनी हात कापायला लागल्यावर दुकान बंद केलं आणि मुलाकडे खारघरला राहायला गेले. एकदा भेटायला गेले होते. अकराव्या मजल्यावर, दाराशी तीच फणसाची पेटी. त्यात सुनेच्या गाडीच्या किल्ल्या. "आता कशाला हो काका?" म्हटलं तर म्हणाले, "सवय. आनि सून ऐकते, तर कशाला सोडू?" मी हसत हसत पट्टे सोडायला वाकले, तर ओरडले, "अगो राहू दे, आता कुठं मोटार हाय!"

पण मला सांगायचाय तो रविवार. दुपारी दादाने मला सोडलं आणि सहाला न्यायला येतो म्हणाला. मी सवयीने, अगदी सवयीने, कॅलिपर पेटीत ठेवला. काकांनी चादर काढली, काड्या उपसल्या, तांब्याचा गोळा पुन्हा आत बसवला, चाक हाताने फिरवलं. ते फिरत राहिलं. खर्र नाही, खट् नाही. फिरत राहिलं आणि आम्ही दोघं बघत राहिलो.  मी मोठ्याने रडले, आणि काका म्हणाले, "रड, पन लांब रड. खारं पानी नको इथं."

चाक स्कूटरला लावायला त्यांनी गिरणीवाल्याला बोलावलं आणि स्वतः बाहेर पेटीपाशी बराच वेळ काहीतरी करत बसले. लोखंड ठेवायच्या पेटीशी हा माणूस काय करतोय, मला कळेना. शेवटी कॅलिपर आणून दिला. मी पट्टे बांधले, उभी राहिले, स्कूटरपर्यंत गेले. पैसे विचारले, त्यांनी सांगितले, मी दिले. अजून पाचच वाजले होते. दादाला फोन करायचा तो केला नाही.

उरण नाक्यावरून मी एकटी निघाले. रविवारची गर्दी, मासळीवाल्यांचे टेम्पो, हॉर्न, आणि मधून माझी स्कूटर, तिचा आवाजच नाही. घरापुढे थांबवली, चार पायऱ्या चढले, दार उघडं होतं. आई पाठमोरी बसून मेथी निवडत होती. एरवी मी पहिल्या पायरीवर असतानाच तिचा आवाज यायचा, "आलीस गं? चहा टाकते." इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. आज ती वळलीच नाही. मी तिच्या मागे दोन हातांवर येऊन उभी राहिले, तरी ती मेथीच निवडत होती. तेव्हा मला कळलं, कॅलिपर वाजतच नव्हता. मी वाकून पाहिलं. त्याच्या गुडघ्याशी असलेल्या दोन्ही सांध्यांत काकांनी पितळेच्या नव्या चकत्या घातल्या होत्या.

"आई."

ती केवढ्याने तरी दचकली. "अगं बाई! कधी आलीस? मला ऐकूच नाही आलं!" मग माझ्या मागे दाराकडे बघून म्हणाली, "एकटीच? दादाला उठवणारच होते आत्ता, तुला आणायला."

"झोपू दे त्याला," मी म्हणाले. "मी आले."